देवपुरातला घरगुती देशभक्ती वर्ग

१ ऑगस्ट १९९४, सोमवार

आजपासून रोज लिहिणार. रिटायर होऊन दोन महिने झाले. एकही दिवस वाया गेलेला नाही, पण नोंद नसल्यामुळे तसं वाटतं.

मुद्दा असा. माझा एकुलता एक मुलगा लीलाधर इरिगेशनमध्ये ओव्हरसियर. जूनमध्ये त्याची बदली धडगावकडे, धरणाच्या साइटवर झाली. तिथे शाळा म्हणजे एक पत्र्याची शेड आणि मास्तर नावाची अफवा. सूनबाई नुकती बाळंत. म्हणून सहा वर्षांची तृप्ती माझ्याकडे. ‘तात्पुरती’, असं लीलाधर म्हणतो. पंधरा ऑगस्टच्या सुमारास येऊन तो कायमचं ठरवणार आहे: पोरगी इथे देवपुरात माझ्याजवळ राहील, की सोनगीरला माझ्या धाकट्या जावेकडे, प्रमिलाबाईकडे. प्रमिलाबाई चौथी पास. त्या घरात सगळे अहिराणीच बोलतात, पाहुण्यांशी आणि म्हशींशी सारखीच.

यात ठरवण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. मी तेहेतीस वर्षं मुलींना इंग्रजी शिकवलं. माझं स्वतःचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. तरी पुरावा हाताशी असलेला बरा. म्हणून योजना: घरगुती देशभक्ती वर्ग. वय पाच ते आठ. रोज संध्याकाळी पाच ते सहा. ठसेकाम, नकाशा, इंग्रजीतून प्रतिज्ञा, कवायत. पंधरा तारखेला सकाळी आठ वाजता गच्चीवर झेंडावंदन. समोर खुर्चीत लीलाधर, मध्यभागी तृप्ती. तो काय बोलणार?

संकल्प: रागवायचं नाही. मी मुळात रागवत नाहीच. लोकांचा गैरसमज होतो.

२ ऑगस्ट, मंगळवार

वर्ग सुरू. उपस्थिती पाच. तृप्ती. सुगनचंद शेठची नात राजकुंवर. जाड आहे पण नखं कापलेली असतात. समोरच्या पाटलांची दोन मुलं. आणि आमच्या भांडीवाल्या कमलबाईचा नातू उखर्डू.

उखर्डू! आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून याला जन्मल्यावर उकिरड्यावर ठेवून परत उचलला म्हणे. कमलबाई हे अभिमानानं सांगते. असलं नाव स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमात कसं पुकारणार? मी त्याचं नाव एडवर्ड ठेवलं. पहिल्या दोन-तीन हाकांना तो मागे वळून कोण आलं ते बघत होता. तासाच्या शेवटी ‘येस मॅडम’ म्हणू लागला. याला म्हणतात शिक्षण.

ठसेकाम: भेंडी आडवी कापून निळ्या रंगात बुडवायची की आपोआप अशोकचक्र. पाटलांचा धाकटा म्हणाला, मॅडम, चक्राला चोवीस आऱ्या असतात, भेंडीला पाचच. त्याला भिंतीकडे तोंड करून उभा केला. शिक्षा गणिताची नव्हती, स्वराची होती.

तृप्तीनं हिरवा रंग वर लावला, केशरी खाली. मी एक शब्द बोलले नाही. फक्त कागद घेतला आणि शांतपणे चार तुकडे केले. तीसुद्धा रडली नाही. दोन महिन्यांत एवढी प्रगती.

३ ऑगस्ट, बुधवार. सकाळी ६.३०

तृप्तीनं पुन्हा अंथरूण ओलं केलं. जूनमध्ये आली तेव्हा अजिबात करत नव्हती. हे तिला तिच्या आईनं पत्रातून शिकवलं असणार.

डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, पोर कशाला तरी घाबरते आहे. मी म्हणाले, माझ्या घरात घाबरण्यासारखं काहीही नाही. पेनचं टोपण लावत ते म्हणाले, रात्री पाणी कमी द्या. डॉक्टरांचं इंग्रजी कच्चं आहे.

उपाय मीच शोधला. ओली चादर तिनं स्वतः गच्चीवर न्यायची, दोन टोकं धरून गल्लीकडे तोंड करून उभं राहायचं, मी शंभर मोजेपर्यंत. मी चेष्टेत म्हणाले, हा आपला शरणागतीचा पांढरा झेंडा. वातावरण हलकं व्हावं म्हणून. खालून पाटलांची मुलं हसली. म्हणजे विनोद मुलांना समजतो. तृप्तीला विनोदाची जाण कमी. बापावर गेली आहे.

४ ऑगस्ट, गुरुवार

कणकेचा भारताचा नकाशा. मोठी परात, अर्धा किलो कणीक, हळद घालून. राजकुंवरचा काश्मीर उत्तम. गुजरातचं काठेवाड तुटलं, थुंकी लावून चिकटवत होती, थांबवलं. एडवर्डनं श्रीलंका खाल्ली. विचारलं तर म्हणाला, ती वेगळी पडली होती.

हातावर पट्टी. म्हणजे फक्त टेकवली. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर बर्नाडेट थंडीत बोटांच्या सांध्यांवर मारायच्या, पट्टी उभी धरून. मला त्याचा काडीचा त्रास झाला नाही. आजही माझं अक्षर बघावं. उजव्या हाताचं मधलं बोट पूर्ण मिटत नाही, पण त्यानं लिहायला अडत नाही.

पाटलांची मुलं आली नाहीत. पाटलीणबाईंनी निरोप दिला: मुलांना क्लासचा कंटाळा आला. मुलांना कंटाळा येतो हे मी तेहेतीस वर्षांत प्रथमच ऐकलं. उरलेली तीन निवडक. निवडक नेहमीच कमी असतात.

५ ऑगस्ट, शुक्रवार

लीलाधरचं पत्र. तब्येत, पाऊस, बाळाचं वजन. शेवटी: तृप्ती कशी आहे, तिलाच चार ओळी लिहायला सांग.

बसवलं तिला. पहिल्या कागदावर लिहिलं: ‘आई मला ने.’ एवढंच. मी समजावलं, बाळ, पत्राला सुरुवात लागते, मध्य लागतो, शेवट लागतो. ने म्हणजे कुठे ने, केव्हा ने, कशासाठी ने? काहीच उल्लेख नाही. शिवाय ‘ई’ची वेलांटी पावसात भिजल्यासारखी. कागद फाडला. मग मी सांगितलं आणि तिनं लिहिलं: ‘मी आनंदात आहे. आजी मला खूप जपते.’ अक्षर सुधारेपर्यंत अकरा वेळा. अकरावा कागद पाकिटात घातला. पहिल्या आठ कागदांवर डाग होते. पोरगी लिहिताना नाक पुसत नाही.

अशी पत्रं जपून ठेवतात लोक.

७ ऑगस्ट, रविवार

रंगीत तालीम. पात्रवाटप: राजकुंवर, हिमालय (आकारमान पाहून). एडवर्ड, शेतकरी, मेकअपची गरज नाही. तृप्ती, भारतमाता.

भारतमातेचं काम सोपं. स्टुलावर उभं राहायचं, उजव्या हातात झेंडा, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट, हलायचं नाही. बाकीचे समोर कवायत करतील, प्रतिज्ञा म्हणतील, मी भाषण करीन. एकूण पंचवीस मिनिटं.

बाराव्या मिनिटाला तृप्ती म्हणाली, आजी, बाथरूम. मी म्हणाले, भारतमातेला बाथरूम नसतं. पंधराव्या मिनिटाला पुन्हा. विसाव्या मिनिटाला स्टुलावरून पाणी ओघळलं. माझी पिवळी इरकल नेसवली होती तिला, ह्यांनी घेतलेली, ते गेले त्याच वर्षी.

मी तिला उतरू दिलं नाही. पाच मिनिटं उरली होती. मधेच उतरण्याची सवय एकदा लागली की आयुष्यभर जात नाही. राजकुंवर हसत होती. हिमालयानं हसू नये हे तिला सांगितलं. कमलबाई भांडी टाकून फडकं घेऊन आली. पुसता पुसता खालच्या मानेनं म्हणाली, बाई, हाई पोर शे की लाकूड? मी सांगितलं, तुझ्या कामाचं बघ. तर म्हणे, तेच बघतेय, हेच पुसणं माझं काम.

उद्धट बाई. पण पर्याय नाही, दुसरी महागात पडते.

तृप्तीनं मात्र शेवटपर्यंत झेंडा खाली येऊ दिला नाही. मला भरून आलं.

९ ऑगस्ट, मंगळवार

क्रांतिदिन. मुलांना सांगितलं, आजच्या दिवशी लोक अन्यायाविरुद्ध न घाबरता बोलले. तृप्तीला विचारलं, तू असतीस तर काय केलं असतंस? ती म्हणाली, ‘तुम्ही सांगाल ते.’ पूर्ण मार्क.

कमलबाईनं रजा मागितली. रविवारले नि सोमवारले मी येवाव नही. का? कानबाई शे ना.

हे मी विसरलेच होते. खरं म्हणजे विसरले नव्हते, दखल घेतली नव्हती. श्रावण लागला की नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई बसते. नारळाला नथ घालायची, केळीचे खांब लावायचे, घरातल्या प्रत्येक माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू दळून गोड रोट करायचे, आणि ते फक्त भाऊबंदकीत खायचे. बाहेरच्याला तुकडा द्यायचा नाही. रात्रभर गाणी. सोमवारी सकाळी डोक्यावर घेऊन नदीवर. आणि या वर्षी तो सोमवार म्हणजे पंधरा ऑगस्ट.

मी म्हणाले, कानबाई दर वर्षी येते. ती म्हणाली, स्वातंत्र्यबी दर वर्षी येतं बाई. मी म्हणाले, सोमवारी आठला एडवर्ड इथे पाहिजे. ती म्हणाली, एडवर्ड येईल तर पाठवते. उखर्डूले मात्र नदीवर जानं शे.

बघू. मुलाला एकदा चांगल्याची गोडी लागली की तो आपणहून येतो.

१० ऑगस्ट, बुधवार

लीलाधरचं दुसरं पत्र. शनिवारी तेराला येतो. लगेच तृप्तीला घेऊन सोनगीरला, कानबाईसाठी. काकांनी बोलावलंय. ‘आई, तूही चल. सहा वर्षं झाली तुला जाऊन. तिथे बसूनच तृप्तीचं ठरवू.’

ही सगळी खेळी आहे, मला कळतं. काका म्हणजे माझे धाकटे दीर, अभिमन. शेती, ट्रॅक्टर, मोठा आवाज. हे होते तेव्हा जावं लागायचं. प्रमिलाबाई मला पाटावर बसवून पाय धुवायची आणि माझ्या मऊ टाचांचं कौतुक करायची. माझ्या इंग्रजीचं कौतुक त्या घरात कोणी कधी केलं नाही.

उत्तर धाडलं: मला यायला जमणार नाही, कार्यक्रम आहे. तृप्तीला पाठवते, पण सोमवारी सकाळी साडेसातला ती इथे हवी. पोस्टात टाकताना वाटलं, आपण किती समजूतदार.

११ ऑगस्ट, गुरुवार

निमंत्रणपत्रिका स्वहस्ते लिहिल्या, तीस. इंग्रजीतून. गल्लीत फारसं कोणाला वाचता येणार नाही, पण मान ठेवल्यासारखं होतं. प्रमुख पाहुणे सुगनचंद शेठ. समक्ष जाऊन सांगितलं. ‘बरोबर आहे, बरोबर आहे,’ म्हणाले. म्हणजे येणार.

प्रतिज्ञेत तृप्ती एका शब्दाला अडखळते. पट्टी. फक्त दोन.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

तृप्ती आज दिवसभर एकही शब्द बोलली नाही. सकाळी दूध दिलं, प्यायली. शाळेत गेली, आली. काही विचारलं तर मान हलवते. माझी किती मोठी डोकेदुखी वाचली. मुलांच्या बडबडीवर उपाय नाही म्हणणाऱ्यांनी येऊन बघावं.

प्रतिज्ञा मात्र विचारली की म्हणते. न अडखळता. बटण दाबल्यासारखी. या दोन गोष्टी एकाच मुलीत, याचा मला अभिमान वाटला.

कमलबाई जाताना तिच्या डोक्यावरून हात फिरवून गेली, ओल्या हातानं. मी टॉवेलनं केस पुसून घेतले. म्हणाली, बाई, पोर तुमले भ्यास. मी म्हणाले, आदर आणि भीती यातला फरक तुला नाही कळायचा. म्हणाली, माले नही, पण तिले कळस.

१३ ऑगस्ट, शनिवार. दुपारी

लीलाधर अकराच्या बसनं आला. वाळला आहे. सूनबाई आणि बाळ परस्पर सोनगीरला गेली. म्हणजे बाळाला आधी तिकडे, मग इकडे. लक्षात ठेवलं.

तृप्ती त्याला बघून धावली नाही. उभी राहिली, पाय जुळवून. मी मुद्दाम म्हणाले, बघ, किती वळण लागलंय. मग तिला प्रतिज्ञा म्हणायला लावली. एका श्वासात. लीलाधर म्हणाला, छान.

छान! मी खुर्चीत मागे टेकले. ठरलंच म्हणायचं.

भिंतीवरचा वर्तन-तक्ता त्यानं बराच वेळ वाचला. लाल ठिपके चांगल्याचे, काळे वाईटाचे. त्यानं विचारलं, लाल कुठे आहेत? मी म्हणाले, लाल अजून सुरू करायचे आहेत, एकदम दिले की मुलं शेफारतात.

जेवताना एक लहानसा प्रसंग. लीलाधरनं फळीवरची लोणच्याची बरणी काढायला हात वर केला. शेजारी बसलेल्या तृप्तीनं लगेच ताट सरकवलं आणि उजवा तळहात पुढे धरला. डोळे मिटून. अगदी व्यवस्थित, बोटं सरळ. हे मी तिला सांगितलेलं नाही, सवयीनं येतं. मी म्हणाले, आमच्या कॉन्व्हेंटमध्ये अशी मुलगी पहिल्या बाकावर बसली असती.

लीलाधरचा हात तसाच वर राहिला. मग त्यानं खाली घेतला. लोणचं कोणीच घेतलं नाही. तो उरलेला भात न खाता उठला. धडगावचं पाणी बाधलेलं दिसतं.

चारच्या बसनं दोघं सोनगीरला गेली. गल्लीच्या टोकापर्यंत तो तिला कडेवर घेऊन गेला. एवढी मोठी मुलगी. मी ओरडून सांगितलं, सोमवार, साडेसात! त्यानं हात केला. तो हात ‘हो’ असाच होता.

१४ ऑगस्ट, रविवार

गच्चीला तिरंगी पताका. खुर्च्या वीस, भाड्यानं. स्टुलाला पांढरा कपडा. भाषण तयार, नऊ पानं. सहाव्या पानावर लीलाधर थोडा हेलावेल असं वाटतं.

राजकुंवर एकटी आली. तिला एकटीला कवायत करवली. एक माणूस असला की ओळ सरळ राहते.

गल्लीत सकाळपासून गोंधळ. दळणाचे डबे, केळीचे खांब, लाल भोपळ्याची भाजी फोडणीला टाकल्याचा वास. प्रत्येक घरात भाऊबंद जमलेले. एकाच घरात एवढी माणसं कशी मावतात?

दुपारी अभिमन स्वतः जीप घेऊन आले. दारातूनच मोठ्यानं: वहिनी, चाला! तुमना नावना रोट करेल शे. मी म्हणाले, मला जमणार नाही असं कळवलं होतं. ते म्हणाले, कळवलं तरी गहू मोजताना तुमचं नाव येतंच ना. दादा गेले तेव्हापासून दर वर्षी मोजतो. मी विचारलं, मग इतकी वर्षं कोण खात होतं? म्हणाले, प्रमिला. पौर्णिमेच्या आत संपवावा लागतो, घरच्याच माणसानं. ती पुरवून पुरवून खाते.

मला घाई होती. पताकांची सुतळी हातात होती. मी म्हणाले, मग या वेळी गाईला घाला.

अभिमन एवढा आवाजाचा माणूस, पण हळू बोलले. गायले देतस नही, वहिनी. चप्पल घातली आणि गेले. चहासुद्धा घेतला नाही. खेडवळ माणसं पटकन रुसतात.

तृप्ती कशी आहे ते विचारायचं राहिलं. उद्या येतेच आहे.

१५ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.१५

सगळं तयार. आभाळ आहे पण पाऊस नाही. देवाची कृपा, म्हणजे दोन्ही देवांची. कॉन्व्हेंटमुळे मी दोघांनाही सांगून ठेवते.

सकाळी ८.०५

लीलाधर नाही. वीस खुर्च्या, वीस रिकाम्या. राजकुंवर शाळेच्या झेंडावंदनाहून धावत आली, शेठना बरं नाही असा निरोप सांगितला आणि शाळेतल्या बुंदीची पुडी छातीशी धरून धावत गेली. हिमालय इतक्या वेगानं जाताना मी पहिल्यांदाच पाहिला.

पाच मिनिटं थांबायचं ठरवलं. बसला उशीर झाला असेल.

सकाळी ८.४०

मीच झेंडा चढवला. गाठ सुटेना; ते मधलं बोट. दातांनी सोडवली. फुलं अंगावर पडली, कारण मी बरोबर खाली उभी होते. राष्ट्रगीताला सुरुवात केली आणि गल्लीच्या टोकाला डफ वाजला.

सगळी गल्ली, कमलबाईच्या भाषेत सांगायचं तर बठ्ठी. बायकांच्या डोक्यावर चौरंग, चौरंगावर नटलेल्या कानबाया, पुढे फुगड्या, मागे पुरुष, पोरं. शाळेतून सरळ मिरवणुकीत घुसलेली पोरं, हातात कागदी झेंडे. पाटलीणबाई नाचत होत्या. पाटलीणबाई! कमलबाईच्या अंगावर हिरवं लुगडं, ओळखू येईना. मी राष्ट्रगीत थांबवू शकत नव्हते, आणि ते मला ऐकू येत नव्हतं. ओठ हलवत राहिले, सावधानमध्ये.

कमलबाईनं वर पाहिलं. मग नातवाला उचलून खांद्यावर घेतला आणि मला दाखवला. मी हाक मारली, एडवर्ड! त्यानं सगळ्यांप्रमाणे मागे वळून पाहिलं. कोणाला हाक मारली ते बघायला.

दुपारी ४

आले. लीलाधर, अभिमन, प्रमिलाबाई. तृप्ती नाही. मी विचारलं, मुलगी कुठे? लीलाधर म्हणाला, तिचे कपडे आणि दप्तर न्यायला आलोय.

मी सगळं शांतपणे मांडलं. इंग्रजी. संस्कार. अकरा वेळा लिहिलेलं पत्र. शिस्त. दोन महिन्यांतली प्रगती. पोरगी तिथे म्हशीच्या शेणात वाढेल, हे अगदी सौम्य शब्दांत. प्रमिलाबाई खाली मान घालून तृप्तीचे फ्रॉक घड्या करत होती. मी म्हणाले, तुला काय बोलायचंय ते तोंडानं बोल. ती म्हणाली, अक्का, रातले माझ्या कुशीत झोपली. मी तिले म्हणलं अंथरूण ओलं झालं तरी चालेल. तर विचारे, किती मोजशील?

मला कळेना, यात सांगण्यासारखं काय. शंभर मोजते, असं मी म्हणालेसुद्धा.

लीलाधर उठला. भिंतीवरचा तक्ता काढला, गुंडाळला नाही, घडी घातली, पुन्हा घडी घातली, अगदी लहान होईपर्यंत. म्हणाला, आई, मी लहान होतो तेव्हा बाबा मधे यायचे. इथे मधे कोण येणार?

तो कधी बापाचं नाव काढत नाही. आज काढलं. घरात पुरुषमाणूस नसल्याची त्याला काळजी वाटते. माझ्याबद्दलच बोलत होता तो.

सात मिनिटांत सामान भरलं. एवढंच होतं.

रात्री नाही लिहिणार. दिवसाचा सारांश: कार्यक्रम वेळेवर पार पडला.

१६ ऑगस्ट, मंगळवार. सकाळी

शांतपणे विचार केला. लीलाधर भोळा. सूनबाई, अभिमन, प्रमिलाबाई, तिघांनी मिळून त्याला वळवला. मुलीला कोणी विचारलंच नाही. सहा वर्षांच्या मुलीलासुद्धा मत असतं, आणि मुलांना बोलतं करणं हेच तर माझं आयुष्यभराचं काम. आज सोनगीरला जाते, तिलाच विचारते, संध्याकाळच्या बसनं तिला घेऊन परत. दूध अर्धा लिटर जादा सांगून ठेवलं.

सायंकाळी ७

बस खचाखच. सोनगीरला उतरून घरापर्यंत चालत गेले, कोणी न्यायला नव्हतं, कारण कळवलं नव्हतं.

गल्लीतूनच तिचा आवाज आला. तृप्तीचा. एवढा मोठा आवाज तिला आहे हे मला माहीत नव्हतं. कोणाशी तरी भांडत होती, अहिराणीत, तीन दिवसांत. मग खदखदून हसली. मी ओट्यावर पाय ठेवला तशी ती दारात आली, मला पाहिलं आणि आत गेली. पळत नाही, चालत. मागच्या खोलीचं दार लावल्याचा आवाज.

प्रमिलाबाईनं पाणी आणलं, चहा आणला. लीलाधर सकाळीच सूनबाईला आणि बाळाला घेऊन साइटवर परत गेला म्हणे. अभिमन शेतात. मी म्हणाले, तृप्तीला बोलाव, मला तिलाच विचारायचंय. ती आत जाऊन आली. म्हणाली, येते म्हणाली नाही, अक्का. नाही असंही म्हणाली नाही. मी म्हणाले, मग मी थांबते. मला घाई नाही.

ओट्यावर बसले. खिडकी डोक्यावरच. काय विचारायचं ते तयार ठेवलं: बाळ, तुला कुठे राहायचंय, खरं सांग, आजी रागवणार नाही. दोन-तीनदा पुटपुटून पाहिलं. शेवटचे तीन शब्द जमेनात. नेहमीच्याच आवाजात येत होते.

अर्ध्या तासानं आतून तृप्तीनं विचारलं, हळूच: ती गई का?

मला वाटलं, म्हैस. किंवा बस.

पुन्हा थोड्या वेळानं: ती गई का व माय?

‘माय’ म्हणते तिला. उच्चार साफ बिघडलेत. मी इथे बसलेली असताना प्रमिलाबाई उत्तर कसं देणार, हेही खरं. समोरच्या ओट्यावरची बाई माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावून आत गेली.

साडेपाच वाजले. तिसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा आवाज रडवेला होता. तिला बाथरूमला जायचं असणार. मोरी अंगणात आहे, ओट्यावरूनच रस्ता.

मी उठले. मुलानं प्रश्न विचारला की उत्तर दिलं पाहिजे, आणि त्या घरात ते कोणी देत नव्हतं. म्हणून पायऱ्या उतरताना, आत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, मीच सांगितलं, ‘गेली.’